तारीख आपली, विशेष परगावचा

दिनविशेष हा प्रकार मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्याशी भांडायचा हक्क मी सोडणार नाही. पेपरातली ती चौकट आणि परिपाठात वाचली जाणारी ती पाच-सहा वाक्यं यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या कानावर तारखा घातल्या. ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही, त्या घरातल्या लेकराला सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा हे माहीत असतं, ते या पाच वाक्यांमुळे. एवढी ताकद असलेली दुसरी कुठलीही चौकट पेपरात नाही.

आणि ही ताकद आपण फुकट घालवतो आहोत.

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहा. पोरं रांगेत बसलेली असतात. फरशी गार असते म्हणून अर्धी उकिडवी. प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका होते, सुविचार होतो. मग सहावीतली एक मुलगी स्वेटरच्या बाह्या वर सारत सरांचा मोबाइल हातात घेते आणि वाचायला लागते. दूरच्या कुठल्या देशाचं कुठल्याशा शतकातलं शहर, तिथला तह, त्यावर सही करणाऱ्याचं नाव. नाव वाचता येत नाही म्हणून ती अडते, सर मागून सांगतात, त्यांनाही ते नीट येत नाही. मग एका नटाचा वाढदिवस, एका क्रिकेटपटूचा वाढदिवस. मग टाळ्या. पोरांच्या डोक्यात यातलं काय उतरलं? काहीही नाही. कारण ते त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. कोणीतरी कुठेतरी बसून साऱ्या महाराष्ट्रासाठी एक फाइल तयार केली, ती पहाटे गटागटांतून फिरली आणि किनवटपासून निलंग्यापर्यंत सगळ्या शाळांत तीच वाचली गेली.

जगाचा इतिहास पोरांना कळावा, याला माझी अजिबात हरकत नाही. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं, हे कंधारच्या पोराला कळलंच पाहिजे. हरकत आहे ती त्या यादीत कंधार कधीच येत नाही याला. आणि दुसरी, त्याहून मोठी हरकत म्हणजे आलेली यादी कोणी तपासत नाही.

तपासत नाही म्हणजे काय होतं, याचा मासला १४ जानेवारीला दरवर्षी मिळतो. त्या सकाळी मोबाइलवर एक मजकूर हमखास येतो: ‘१४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ वाक्य झकास आहे. भाषणात टाळी घेतं. पण त्यातलं अर्धंच खरं आहे. लढाई १४ जानेवारीलाच झाली, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती. ती होऊन गेलेली होती.

हे कसं, ते मुलांना सांगण्यासारखं आहे. म्हणून इथे जरा थांबतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने धरतात आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या हिशेबाने चालतं. ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसएक मिनिटांनी मोठं. ही वीस मिनिटं साचत जातात आणि साधारण सत्तर वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. हे त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे. १८६३ ला जी संक्रांत १२ तारखेला होती, ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ तारखेला असेल कशी? मागे जाताना तारीख कमी होत जाणार. पानिपताच्या काळात ती १० जानेवारीच्या आसपास यायची.

आणि संक्रांतीच्या दिवशी खरोखर कोसळलेला घाव मराठ्यांच्या इतिहासात आहेच. तो पानिपताच्या आदल्या वर्षीचा, १० जानेवारी १७६०, यमुनेवरच्या बुराडी घाटावरचा. त्या संक्रांतीला दत्ताजी शिंदे पडले. दत्ताजींची संक्रांत आपण उचलून पानिपतावर लढलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावावर लावली आणि दत्ताजींचा दिवस मोकळा ठेवला. एका चुकीने दोन दिवस बिघडले.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती आपल्या लातूर जिल्ह्याची आहे. दत्ताजी बुराडी घाटावर पडले त्या दिवसांत सदाशिवरावभाऊ कुठे होते? ते होते आपल्याकडे, निजामाच्या मागावर. निजामाची फौज उदगीरकडून औशाच्या दिशेने सरकत होती आणि मराठ्यांनी तिला घेरत आणलं होतं. इब्राहिमखान गारदी तोफखान्यासह भाऊंच्या बाजूला होता. ३ फेब्रुवारी १७६० ला निर्णायक झुंज झाली आणि निजाम हरला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले तहात सुटले. पेशवाईतला एवढा मोठा विजय त्या हिवाळ्यात उदगीर-औशाच्या काळ्या रानात मिळाला. उत्तरेची वाईट बातमी दक्षिणेत पोचली ती या विजयानंतर. मग जालना जिल्ह्यातल्या परतूरला मसलत बसली आणि उत्तरेला कोणाला पाठवायचं यावर ज्याने नुकताच निजाम नमवला त्याचं, भाऊंचं, नाव पुढे आलं. मार्चमध्ये फौज परतूरहून निघाली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

म्हणजे पानिपताची वाट उदगीरहून जाते. उदगीरला निजाम हरला नसता, किंवा ती मोहीम लांबली असती, तर उत्तरेत कोण गेलं असतं आणि कसं लढलं असतं, हा प्रश्न नववीच्या वर्गात अर्धा तास चर्चा घडवेल. पण ३ फेब्रुवारीचा दिनविशेष उघडून बघा. उदगीर सापडतं का? उदगीरच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेतली पोरं १४ जानेवारीला पानिपतावर भाषणं करतात आणि ३ फेब्रुवारीला गप्प बसतात. हरलेली लढाई पाठ, जिंकलेली ठाऊक नाही, आणि जिंकलेली आपल्याच शिवारातली. मला याचा संताप येतो. शांतपणे लिहावं असं हे प्रकरणच नाही.

१४ जानेवारी सोडण्याआधी आणखी एक. त्या तारखेला मराठवाड्याचा स्वतःचा असा मोठा दिवस आहे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. विधिमंडळाने ठराव केला होता २७ जुलै १९७८ ला. मधे साडेपंधरा वर्षं गेली, घरं जळली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ७८ साली मारले गेले. नांदेडच्या गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी नोव्हेंबर १९९३ मध्ये स्वतःला पेटवून घेतलं, आणि दोन महिन्यांच्या आत निर्णय झाला. हा आपल्या नांदेड जिल्ह्याचा इतिहास आहे, आपल्या गावांच्या नावांसकट. तो तीळगुळाच्या वाक्याखाली दबू देऊ नका. ज्या शाळेत दोन्ही वाक्यं वाचली जातात, तिथल्या गुरुजींना माझा नमस्कार.

आता जरा तिथीकडे वळू. इंग्रजी तारखांच्या चौकटीत आपल्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस बसतच नाही. तो दिवस म्हणजे येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या. पंचांगात वेळ अमावास्या लिहितात, पण लातूरकडे कोणी तसं म्हणत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा सण ठाऊक नसतो, तेव्हा चार ओळी सविस्तर. रब्बी रानात डोलत असते. ज्वारी पोटऱ्यात, हरभऱ्याला घाटे, तुरीला शेंगा. शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. घरची बाई डोक्यावर आंबिलाचं भांडं घेऊन येते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-जिरं घालून केलेलं ते आंबील दुपारच्या उन्हात पिण्याची सर दुसऱ्या कशाला नाही. मग भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, भुईमूग, वांगी, गाजर, मेथी, पातीचा कांदा, त्या हंगामात शिवारात जे हिरवं मिळेल ते सगळं चिंच आणि हरभऱ्याच्या पिठात एकत्र शिजवलेलं कालवण. जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. पूजा झाली की रानाच्या कडेने आंबील शिंपडत फिरतात. अंधार पडताना कडब्याची पेंढी पेटवून, म्हणजे हेंडगा घेऊन, शेताला फेरी मारतात.

त्या दिवशी लातूर शहरातली दुकानं बंद असतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो, आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूसही कोपीतून सुटत नाही. ‘या की, दोन घास खाऊन जावा.’ ‘आत्ताच तिकडं जेवलो बगा, पोटात जागा न्हाई.’ ‘जेवण कुटं म्हणतोय मी? बसा तर खरं.’ बसला की पुढ्यात उंडा येतोच. हे संवाद दर येळवशीला प्रत्येक बांधावर ऐकू येतात. दिनविशेषाखाली रोज जो विनोद छापला जातो, मास्तर आणि बंड्याचा, तो वाचून कोणी हसलेलं मी पाहिलेलं नाही. कोपीत मात्र माणसं पोट धरून हसतात. मराठवाडी बोलीत केवढा विनोद आहे, ते लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकट्याने बावन्न माणसं उभी करून उभ्या महाराष्ट्राला दाखवलं. ते गेले २००९ च्या फेब्रुवारीत. विनोदाच्या त्या चौकटीत आठवड्यातून एक तरी किस्सा आपल्या बोलीतला, आपल्या गावातल्या आजोबांकडून ऐकलेला घाला. पोरं लक्ष देऊन ऐकतील. त्यांना कळेल की आपण घरी बोलतो ती भाषा शाळेच्या माइकवरही चालते.

येळवशीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. लोहा तालुक्यातलं हे गाव एरवी रस्त्यावरचं एक गाव. यात्रेच्या चार-पाच दिवसांत तिथे घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार उभा राहतो. लाल कंधारी वळू मिरवतात, तमाशाचे फड लागतात, वाघ्या-मुरळी येतात, कुस्त्या होतात. जिल्हा परिषद पशुप्रदर्शन आणि लावणी महोत्सव भरवते. नांदेडचा आणि लातूरचा हिवाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस असे एकाला एक लागून येतात. एक माळेगावात उगवतो आणि दुसरा कोपीत.

पण याचा दिनविशेष कसा करायचा? तारीख तर दरवर्षी पळते. आणि इथेच मुलांना चकित करायला खास माल आहे. गुरुजी, हे वर्गात विचारा: असं कोणतं इंग्रजी वर्ष आहे, ज्यात येळवस आलीच नाही? उत्तर आहे २०२३. आधीची येळवस झाली २३ डिसेंबर २०२२ ला. मग २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढे ढकलले गेले, आणि पुढची येळवस उजाडली ११ जानेवारी २०२४ ला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा येळवस. म्हणजे २०२३ मध्ये एकही नाही आणि २०२४ मध्ये दोन. २०२६ चंही तसंच. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून येळवस थेट ७ जानेवारी २०२७ ला.

हीच गंमत नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या जयंतीची. ती पौष शुद्ध सप्तमीला. २०२३ मध्ये ती आलीच नाही. २०२५ मध्ये मात्र दोनदा आली, ६ जानेवारीला आणि २७ डिसेंबरला. पंजाबपासून लोक नांदेडला येतात ते ज्या गुरूंसाठी, त्यांचा जन्म १६६६ सालचा पाटण्याचा आणि शेवट ७ ऑक्टोबर १७०८ चा, गोदाकाठचा. गुरुद्वारा उभा राहिला महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत. फाइलवाले त्यांचा दिनविशेष ठरलेल्या एका तारखेला टाकून मोकळे होतात, आणि नांदेडच्या रस्त्यावर नगरकीर्तन निघतं भलत्याच दिवशी. नांदेडच्या पोराने कोणाचं खरं मानायचं? पंचांग बघणं हा काही कमीपणा नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं, अकरा दिवसांचा फरक अधिक मास भरून काढतो. हे एकदा येळवशीच्या निमित्ताने सांगितलं, तर भूगोलाचा एक तास वाचेल.

आणि कॅलेंडरांचाच विषय निघाला आहे, तर आपल्याकडे आणखी एक कॅलेंडर चालायचं. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनात होतं. ऑक्टोबरात आजूर महिना लागला की नवं वर्ष. मग दै, बहमन, इस्फंदार. आपली थंडी बहमन-इस्फंदारात यायची. फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इंग्रजी सालात सुरू झालं ते साल मिळतं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली, ते आपण पाहिलं. खापरपणजोबांच्या कागदावरची तारीख वाचता येणं ही आता मराठवाड्यात घरोघरी लागणारी विद्या आहे. ती शिकवायला परिपाठाची दोन मिनिटं पुरतात.

२६ जानेवारीला तर फाइलीत काही शोधायचं कारणच नाही. आपल्याकडचा २६ जानेवारी १९५० बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा वेगळा होता. संविधान लागू झालं तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्याचा राजप्रमुख म्हणून बसला तोच निजाम, मीर उस्मान अली खान, ज्याच्या राजवटीविरुद्ध सोळा महिन्यांपूर्वीपर्यंत इथली माणसं लढत होती. प्रजासत्ताक आलं, मतदानाचा हक्क आला, आणि राज्याच्या डोक्यावर निजामच राहिला, १९५६ ला राज्याची फाळणी होईपर्यंत. बाजारात निजामाचा हाली सिक्का चालूच होता. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा भाव. झेंडावंदनाच्या भाषणात हे सांगा. बुंदीच्या पाकिटासाठी उभी असलेली पोरंही कान टवकारतील.

बाकीचे दिवस भरभर सांगतो, वहीत टिपून घ्या. २२ जानेवारी १९७२, स्वामी रामानंद तीर्थ गेले. ज्यांच्या नावाने नांदेडचं विद्यापीठ आहे, ते मूळचे व्यंकटेश खेडगीकर, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. हिप्परगा आणि अंबाजोगाईला त्यांनी शाळामास्तरकी केली. १० फेब्रुवारी १९८२, नरहर कुरुंदकर गेले, वय पन्नाशीच्याही आत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, आणि ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना लिहिणारे तेच. २६ फेब्रुवारी २००४, शंकरराव चव्हाण गेले. पाणी अडवण्याचं त्यांचं वेड नांदेडला विष्णुपुरीत दिसतं.

हे सगळं गोळा करायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. प्रत्येक शाळेत एक जाडजूड वही ठेवा. एका पानावर एक तारीख. तालुक्यातली माणसं, गावातले प्रसंग, जिल्ह्याच्या गॅझेटियरमधल्या नोंदी, घराघरांतले कागद. पोरांनी विचारावं, लिहावं आणि कोणी सांगितलं, कुठून मिळालं, हे पानाच्या तळाला न चुकता टाकावं. ज्याला आधार सापडला नाही ते पेन्सिलीने. आधार मिळाला की पेनाने. एवढी एक सवय लागली तर संक्रांतीच्या पानिपताचा मजकूर पुढे ढकलण्याआधी ही पोरं मोठेपणीही थांबतील.

पेपरांनाही सांगणं आहे. जिल्हा पुरवणी काढता, तर दिनविशेष जिल्ह्याचा का नाही? एक वार्ताहर एका महिन्यात वर्षभराचा मजकूर जमवेल. सोयाबीनचे भाव लातूरचे छापता, मग इतिहास मुंबईहून कशाला मागवता?

सुरुवात कुठून करायची, तेही सांगतो. ३० जानेवारीपासून. त्या दिवशी सकाळी अकराला सायरन होतो, सगळे दोन मिनिटं उभे राहतात. १९४८ च्या त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी निजामाच्या स्टेट बँकेच्या शाखेवर चाल केली. भारत स्वतंत्र होऊन साडेपाच महिने झाले होते आणि उमरी अजून निजामाच्या ताब्यात होती. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची शिबिरं होती. तिथल्या पोरांना धान्य लागत होतं, हत्यारं लागत होती, आणि त्याला पैसा लागत होता. तो त्यांनी निजामाच्याच तिजोरीतून घेतला. हाती लाखोंची रक्कम लागली. सरहद्दीवरच्या लढ्याला त्यावर पुढचे महिने काढता आले, १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपेपर्यंत.

उमरी हे मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरचं स्टेशन. नांदेडहून सकाळी निघालेला माणूस तिथे जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येतो. मुख्याध्यापकांनो, येत्या ३० जानेवारीला दोन मिनिटांचं मौन झालं की पोरांना लगेच वर्गात पाठवू नका. आधी उमरीचं पान वाचायला लावा.